अपेंडिक्सच्या तोंडाशी बसलेली गाठ

डॉक्टर पुरुष होते, म्हणून मी खोटं बोलले.

"रक्त कधीपासून पडतंय, ताई?" त्यांनी विचारलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हटलं, "झाले दोन-चार दिवस." खरं म्हणजे पोळ्यापासून पडत होतं, आणि तेव्हा दिवाळीसुद्धा होऊन गेली होती. शेजारी माझी मुलगी पल्लवी बसली होती. ती नागपूरला कॉलेजात शिकते, दिवाळीच्या सुटीत घरी आली होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टरांना म्हणाली, "सर, आई खोटं बोलून राहिली. तिला नका विचारू, मला विचारा."

तिला कसं कळलं तेही सांगते. मी रोज संडासात तीन-तीन बादल्या पाणी ओतूनच दार उघडत असे. त्या सकाळी नळ आला नव्हता आणि टाकीत खडखडाट होता. माझ्या मागे पल्लवी आत गेली आणि लगेच बाहेर आली. स्वयंपाकघरात येऊन तिने हळूच विचारलं, "आई, हे तुझं आहे?" मी पोळी लाटत राहिले. तिने गॅस बंद केला.

मी बोलकी बाई नाही. नालवाडीत आमचं घर आहे. मी घरी फॉल-पिकोचं काम करते. बायका साडी देतात, मी रंग विचारते, झालं. माझे यजमान एसटीच्या वर्कशॉपात आहेत. त्यांच्याशीसुद्धा या गोष्टीबद्दल बोलणं मला वीस वर्षांच्या संसारात जमलं नसतं. शिक्षण माझं चौथीपर्यंतचं. तरीही लिहायला बसले, कारण हे सगळं तोंडाने सांगणं मला अजूनही जड जातं, आणि न सांगून काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

*

डॉक्टर आधी म्हणाले, मूळव्याध असेल, पण एकदा दुर्बिणीने आतून पाहून घेऊ. दुर्बीण म्हटल्यावर मला जत्रेतली डोळ्याला लावायची दुर्बीण आठवली. ही तशी नसते. लांब, बोटाएवढी जाड, मऊ नळी असते. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. ती मागून आत घालतात. हे ऐकलं तेव्हाच मी घरी जायला निघाले होते. पल्लवीने दंडाला धरून बसवलं.

हाताच्या शिरेत सुई दिली आणि मला गुंगी आली. पुढचं फारसं आठवत नाही. जागी झाले तेव्हा डॉक्टर एक रंगीत फोटो घेऊन उभे होते. ओली, गुलाबी भिंत होती. त्या भिंतीत एक लहानसं काळं भोक. आणि भोकाच्या काठाला धरून काहीतरी चपटं, फुगीर बसलेलं, कुजलेल्या लाकडावर पावसाळ्यात छत्री उगवते तसं.

डॉक्टरांनी सांगितलं, ते माझ्या शब्दांत लिहिते. मोठ्या आतड्याची सुरुवात म्हणजे एक पिशवी आहे. त्या पिशवीला शेपटीसारखं बारीक अपेंडिक्स लटकतं. त्या शेपटीचं तोंड म्हणजे हे काळं भोक. गाठ त्याच्या काठावर बसली होती. काठावरच असेल तर दुर्बिणीतूनच, पोट न फाडता काढता येते. भोकातून आत शेपटीत उतरलेली असेल तर तिथे दुर्बीण पोचत नाही. मग पोटाचं ऑपरेशन.

"कॅन्सर आहे का?" पल्लवीने विचारलं.

"दिसायला तसं वाटत नाही. पण काढून तपासल्याशिवाय मी 'नाही' असं म्हणणार नाही." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कोणाला असा त्रास होता?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

*

माझी माय पोटानेच गेली. आर्वीकडच्या एका लहान गावात माझं माहेर. मी चौथीत होते. माय उजाडायच्या आधी शेताच्या बांधावर जायची आणि मला सोबत न्यायची. एका हातात पाण्याचा डबा असायचा आणि दुसऱ्या हातात टोपलीत चुलीतली राख. बोरीच्या झुडपामागे ती बसायची. मी पाठ करून उभी राहायची. उठली की ती त्या जागेवर राख टाकायची, पुष्कळ राख, मग वरून पाणी. एकदा राख कमी पडली आणि मी वळून पाहिलं. तिने माझं तोंड हाताने दुसरीकडे फिरवलं. "कोणाले सांगू नको," एवढंच म्हणाली.

पुढे तिचं पोट दगडासारखं झालं आणि बाकीची माय त्या पोटामागे वाळत गेली. उजव्या बाजूला, कमरेच्या हाडापाशी, तळहात दाबून ती भिंतीला टेकून बसायची. बाबांनी झाडपाला आणला, देवाचं पाहिलं. आर्वीच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा तो म्हणाला, उशीर झाला. कशाला उशीर झाला ते कोणी विचारलं नाही. माझी धाकटी बहीण सुमी तेव्हा अंगावर पीत होती. मायनंतर तिला मी कडेवर घेतलं आणि शाळा तिथेच राहिली.

त्या फोटोनंतर माझ्या घरात माय वावरायला लागली. मला भुताखेताचं बोलायचं नाही. पण सकाळी संडासाचं दार लावलं की ओल्या राखेचा वास यायचा. आमच्या घरी चूल नाही, गल्लीत कोणाकडेच नाही. मी एकदा यजमानांना विचारलं, "तुम्हाले काही वास येते काय?"

"कायचा?"

"काही नाई."

मशीनवर बसले की माझा हात आपोआप उजव्या बाजूला जायचा, तिच्यासारखाच, तळहात दाबून. मी तो उचलून पुन्हा कापडावर ठेवायची. आणि डोळे मिटले की ते काळं भोक दिसायचं. मला वाटायचं, माय तिथे आत बसली आहे. बोरीमागे बसायची तशी, आवाज न करता, कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. आणि मी बाहेर पाठ करून उभी आहे.

*

गाठ काढायची तारीख मिळाली ती संक्रांतीनंतरची. पल्लवीने नागपूरला परत जाताना मला चार वेळा बजावलं. आधीचे तीन दिवस बियांचं काही खायचं नाही. पेरू नाही, टमाटर नाही, वांगं नाही, जवसाची चटणी नाही, तीळ नाही. शेवटच्या दिवशी नुसतं पाणी, नारळपाणी, डाळीचं वरचं गाळलेलं पाणी. "आई, आतडं आरशासारखं स्वच्छ लागते त्यांना," ती म्हणाली.

सासूबाईंना आम्ही फक्त मूळव्याध म्हणून सांगितलं होतं. गल्लीत कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

आता बायकांना सांगायला नको, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला नाही म्हणता येत नाही. एका घरी गेलं आणि दुसऱ्या घरी नाही गेलं तर वर्षभर त्याचं बोलणं. मी ठरवून गेले होते की तीळगूळ हातात घ्यायचा आणि रुमालात बांधून आणायचा. पण आमच्या समोरच्या शोभाताई लाडू हातात देतच नाहीत. हळद-कुंकू लावलं, अत्तर लावलं की सरळ तोंडाशी धरतात.

"काऊन व, लाजतं काय? उघड तोंड."

"मी मंग खाते, शोभाताई."

"मंग नाई न् फिंग नाई. सवाष्णीच्या तोंडात घास गेल्याशिवाय माहं हळदीकुंकू पुरं होत नाई."

आजूबाजूला दहा-बारा बायका बसलेल्या. कोणीतरी म्हणालं, "डाएट करून राह्यली वाटते." सगळ्या हसल्या. काय सांगणार होते मी? की मला मागून रक्त पडतं, परवा नळी घालणार आहेत? मी तोंड उघडलं. शोभाताईंचं पाहून पुढच्या घरीही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. मी मनात म्हटलं, तीळ तो केवढासा. एवढी जुलाबाची पावडर प्यायची आहे, त्यात वाहून जाईल.

*

जागी झाले तेव्हा पहिलं वाक्य कानावर आलं ते असं, "ताई, तीळ खाल्ले होते का?"

डॉक्टर रागावले नव्हते. थकल्यासारखे दिसत होते. यजमान पलंगाशी उभे होते. डॉक्टरांनी टीव्हीवर फोटो दाखवला. तेच भोक, आणि त्याच्या तोंडाशी पांढरे तीळ चिकटून बसलेले. काही भोकाच्या आत, काही गाठीवर. पाण्याचा फवारा मारून पाहिला तरी हलले नाहीत, ओढून घ्यायला गेले तर नळी चोंदली. "गाठीची कड पूर्ण दिसल्याशिवाय मी कापणार नाही," ते म्हणाले. "आत किती उतरली आहे ते आज दिसलं नाही. पुन्हा यावं लागेल."

म्हणजे पुन्हा वाट पाहणं. पुन्हा ते भोक डोळ्यांसमोर.

यजमानांच्या गाडीवर मागे बसून मी घरी निघाले. घराजवळच्या वळणावर गाडी हळू करून ते म्हणाले, "डॉक्टरनं मना केलं हाय, एवढं सांगता नाई येत काय तुले?"

"मंग त्या विचारतीन, कायच्यासाठी मना केलं."

"तं सांगाचं."

"काय सांगू?"

त्यांनी गाडीचा वेग वाढवला. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की तो शब्द त्यांच्याही तोंडातून निघत नाही.

सासूबाईंना त्या दिवशी सगळं सांगावंच लागलं. त्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "तोंडाजोळ कोणी इख धरलं तरी नाई म्हणाची नाई ही. उघडन् तोंड." संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते तेव्हा मागून म्हणाल्या, "गिरडच्या बाबाले नवस बोलली मी. तुहं नीट झालं का टेकडी पायी चढीन."

"आत्याबाई, तुमचे गुडघे?"

"ते त्याचं तो पाहून घेईन."

*

दुसरी तारीख येईपर्यंतचे दिवस मला नीट आठवत नाहीत. काम करत होते, स्वयंपाक करत होते. पल्लवीचा रोज फोन यायचा, आणि रोज ती आधी भांडायची आणि मग रडायची. "तुला तुझ्यापेक्षा शोभाताईचा लाडू मोठा वाटला?" असं एकदा म्हणाली.

यजमान घरी आले की आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहायचे आणि मग बूट काढायचे. एकदा भाजी वाढताना माझा हात उजव्या बाजूला गेला. त्यांनी ताट सरकवलं. "दुखते काय?" मी म्हटलं, नाही. ते खरं होतं. दुखत काहीच नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटायची. मायलाही आधी दुखत नव्हतं.

ज्यांना यातून जायचं आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहिते, कारण या मला कोणी सांगितल्या नाहीत. ती पावडर पाण्यात कालवून खूप प्यायची असते. चव अशी की लिंबू-मिठाच्या पाण्यात रबर भिजत घातलं आहे. थंड करून, थोडं थोडं, नाक धरून प्यावं. आणि आधीच खोबरेल तेल लावून ठेवावं, नाहीतर रात्र पडेपर्यंत जागा सोलून निघते. लाजू नये. मी लाजले आणि सोलून निघाले.

सासूबाईंनी या वेळी दारात खुर्ची टाकली. शोभाताई साडी घेऊन आल्या तेव्हा त्यांना फाटकातच अडवलं. मी आतून ऐकत होते.

"झोपली हाय ते."

"दुपारची? बरी नाई काय?"

"शुगर निंघाली तिले," सासूबाई म्हणाल्या. "गोडधोड बंद. आता कोणी तोंडात कोंबजा नोका."

दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर बातमी झाली. अजूनही बायका मला मेथीदाणे आणून देतात.

*

दवाखान्यात अंगावर घालायला जो हिरवा गाऊन देतात, त्याचे बंद मागे असतात. मागचा भाग उघडाच. मी तो हातात घेऊन पडद्याआड उभी राहिले ती बाहेर येईना. नर्सताई आत आल्या. पाहून परत गेल्या आणि आणखी एक गाऊन घेऊन आल्या. "हा उलटा घाला, बंद समोर करून. याच्यावर तो घाला." दोन गाऊन घातले की माणूस झाकलं जातं. वेळ आली की फक्त हवा तेवढा बाजूला करतात. मी म्हटलं, "आत किती माणसं असतात?"

"चार-पाच. पण ताई, तुमच्याकडे कोणी पाहत नाही. सगळे टीव्हीकडे पाहतात."

मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

डाव्या कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. नाकाशी नळी लावली. सुई टोचली तेव्हा मला छताचा दिवा दिसत होता. मग तो लांब गेला.

या वेळी मला दिसलं. स्वप्न असेल, औषधाने असेल, जे दिसलं ते लिहिते. मी त्या गुलाबी बोळातून चालत गेले. पायाखाली ओलं होतं. शेवटी ते भोक आलं. आत अंधार होता आणि ओल्या राखेचा वास येत होता. मी वाकून आत पाहिलं. कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. लुगडं ओळखीचं होतं. मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली. पुन्हा नाही. मी हाका मारत राहिले.

नर्सताईंनी नंतर सांगितलं की काम संपल्यावर, शुद्ध नीट यायच्या आधी, मी मोठ्याने "माय, माय" म्हणत होते. माझा आवाज एवढा चढू शकतो हे मलाच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, माझी आई बाहेर बसली असेल. म्हणून त्या दार उघडून बाहेर गेल्या आणि विचारलं, "यांची आई कोण आहे? त्या बोलावून राहिल्या."

यजमान काही बोलायच्या आत सासूबाई उठल्या. "मी हाय," म्हणाल्या.

मी डोळे उघडले तेव्हा कपाळावर एक खरखरीत हात होता. त्याला सुपारीचा वास होता. "झालं व," सासूबाई म्हणत होत्या. "निंघालं सारं. अठीच हाय मी."

*

डॉक्टरांनी संध्याकाळी येऊन सांगितलं. गाठीच्या खाली सुईने पाणी भरलं, तशी ती फोडासारखी वर उचलली गेली. मग तिची कड सगळीकडून दिसली. भोकाच्या काठापर्यंत आली होती, आत उतरलेली नव्हती. तारेच्या फासात धरून तुकड्या-तुकड्याने कापली. जखमेला बारीक चिमटे लावले. ते आपोआप गळून पडतात, काढावे लागत नाहीत.

"पोट फाडावं नाही लागलं," यजमान म्हणाले. हे डॉक्टरांना सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

मला एक रात्र ठेवून घेतलं. आतडं पातळ असतं, तिथे भोक पडू शकतं, रक्तही येऊ शकतं, म्हणून. ताप, पोटात जोराची कळ, असं काही झालं तर लगेच सांगायचं होतं. मी रात्रभर पोटावर हात ठेवून ऐकत राहिले. सकाळी झाडणारी बाई आली, चहाची गाडी आली, शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या बाईने मला विचारलं, "तुमचं काय काढलं?" मी म्हटलं, "गाठ." तिने विचारलं, "कोठची?" आणि मी सांगितलं. अनोळखी बाईला, पहिल्यांदाच, जागेचं नाव घेऊन. ती म्हणाली, "माहं बी तेच हाय," आणि पेपरमधली बिस्किटं पुढे केली. मला मनाई होती. मी म्हटलं, "मले मना हाय." बस, एवढंच बोलायचं होतं.

*

रिपोर्ट यायला वेळ लागला. त्या दिवसांत मी कोणाच्या साडीला फॉल लावला, कोणता दोरा घेतला, काही आठवत नाही. एकीच्या मोरपंखी साडीला मी काळा फॉल लावला आणि ती तशीच घेऊन गेली.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो, मी, यजमान आणि पल्लवी. डॉक्टरांनी वाचून सांगितलं, कॅन्सर नाही. राहू दिली असती तर पुढे तसं होणाऱ्या जातीची गाठ होती. तुकड्यांनी काढली म्हणून काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकून पाहावं लागेल, काठाला काही उरलं का ते. आणि रक्त? रक्त मूळव्याधीचंच असावं, ते म्हणाले. गाठ काही न दाखवता बसून होती. मूळव्याध नसती तर तिचा पत्ताच लागला नसता.

यजमानांनी रुमालाने तोंड पुसलं. पल्लवीने माझा हात धरला. मी मोकळी व्हायला हवं होतं. पण मला दिसत होती माय, टोपलीतली राख टाकणारी. तिचं रक्त कशाचं होतं? ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. "मागे मी विचारलं होतं. माहेरी कोणाला?"

"माझ्या मायला पडायचं," मी म्हटलं. "रक्त. ती त्यातच गेली. मी चौथीत होते."

यजमान माझ्याकडे पाहत होते. आमच्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं.

"बहीण-भाऊ?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक बहीण. धाकटी."

"तिला आणा. आणि या मुलीचीही तपासणी करू, वय झालं की. घाबरायचं नाही, पण विसरायचंही नाही."

मी पल्लवीकडे पाहिलं. ती डॉक्टरांचं बोलणं लक्ष देऊन ऐकत होती. तिचा तळहात कमरेच्या हाडापाशी, उजव्या बाजूला होता. नुसता ठेवला असेल. ओढणी सावरत असेल. मी तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

*

सुमीला फोन करायला मी दोन दिवस लावले. ती आर्वीकडेच दिली आहे, शेतीच्या घरात. मायचा चेहराही तिला आठवत नाही. तिच्यासाठी माय म्हणजे मीच. दुपारी फोन केला तेव्हा ती शेतात हरभरा उपटत होती. मागे बायकांचा आवाज येत होता.

मी तिला माझी गाठ सांगितली. मग मायचं सांगितलं. राख, बोरीचं झुडूप, सगळं. मी बोलत गेले आणि ती ऐकत गेली. मागचे आवाज कमी झाले. ती बांधाकडे चालत गेली असावी.

मी म्हटलं, "सुमे, ऐकतं ना? डॉक्टर म्हणते, तुलेबी आणावं लागते."

मग ती म्हणाली, "तुले कोणं सांगतलं, ताई?"

"काय?"

"माहं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाले दोन-चार दिवस," सुमी म्हणाली.

"खोटं बोलू नको."

ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, आवाज आत ओढून. म्हणाली, तिच्या नवऱ्याला माहीत नाही, सासूला माहीत नाही, शेतात जाते तेव्हा मातीने झाकते. मी म्हटलं, "सकाळच्या गाडीनं ये. त्याईले म्हण, ताईची तब्येत खराब हाय."

"आन् मंग?"

"मंग मी सांगीन त्याईले. मी बोलीन."

*

सुमी माझ्याकडे येऊन चार दिवस झाले. तिच्या नवऱ्याशी मी फोनवर बोलले. बोलताना घाम फुटला, पण बोलले, शब्द न गाळता. उद्या सकाळी तिची दुर्बीण आहे. हे मी आत्ता लिहिते आहे ते संडासाच्या दारापाशी पाटावर बसून, कारण ती पावडर पिऊन आत-बाहेर करते आहे आणि दर वेळी मला म्हणते, "ताई, जाऊ नको हं."

मी तिला सांगितलं नाही की काही निघणार नाही. मला ते माहीत नाही. दोन गाऊन कसे घालायचे ते सांगितलं, नाक धरून कसं प्यायचं ते सांगितलं, आत सगळे टीव्हीकडे पाहतात हेही सांगितलं.

मघाशी ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पाण्याचाही आवाज आला नाही. मी दारावर हात ठेवला.

"सुमे? स्वच्छ होऊन राह्यलं काय? पिवळं पाणी यायला पाहिजे आता."

"मले नाई मालूम. मी पाह्यत नाई."

"पाह्यलं पाहिजे, बाई."

"मले भेव लागते."

मग आतून कडी निघाली. दार बोटभर उघडलं. तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"ताई, तू पाह्य ना."

मी उठले आणि आत गेले. सुमी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने पाणी ओतलं नव्हतं. मी वाकून नीट पाहिलं. पाणी पिवळं, स्वच्छ होतं, हवं तसं. आणि त्यात एका बाजूला रक्त होतं.

"हाय," मी म्हटलं. "थोडंसंच हाय. उद्या डॉक्टरले सांगू."

तिने मान हलवली आणि वळली. आम्ही दोघींनी मिळून पाहिलं, आणि मग मी पाणी ओतलं.